मेलिंग लिस्टवर प्रश्न विचारताना: एका अनुत्तरित मेलची तपासणी

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारलं आहे. शाळेच्या संगणकांवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, आहे. नोट्स टाइप करताना 'दऱ्या' लिहायला जावं तर 'दर्या' उमटायचं, म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्यांचा समुद्र व्हायचा. त्यांनी लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे एका पत्त्यावर लिहिलेलं सगळ्या सभासदांना मेलनं पोचवणाऱ्या यादीवर, मदत मागितली. तीन आठवड्यांत एकच उत्तर आलं, तेही दोन ओळींचं: एचटीएमएल मेल पाठवू नका, नव्या विषयासाठी नवी मेल लिहा. पुढे भाच्यानं फोनवरून ती अडचण सोडवून दिली. आता त्यांना दुसरं काही विचारायचं आहे, पण हात धजत नाही. "माझं नेमकं काय चुकलं आणि आता कसं लिहू?" असा त्यांचा प्रश्न आहे. पाठवलेली मूळ मेल त्यांनी सोबत जोडली आहे.

बाई, मेल जोडलीत हे फार बरं केलंत. 'माझ्या मेलला कोणी उत्तर देत नाही' असं अनेकजण सांगतात, पण मेल दाखवत नाहीत. मी २००३ पासून अशा याद्यांवर आहे, त्यातली बारा वर्षं एका यादीचं नियंत्रण माझ्याकडे होतं, म्हणजे अडकलेल्या मेल वाचून पुढे सोडणं हे माझं रोजचं काम होतं. त्या अनुभवावर सांगतो: तुमचा कोणी अपमान केला नाही, आणि तुमचा प्रश्नही मूर्खपणाचा नव्हता. तुमची मेल बहुतेकांना दिसलीच नाही.

तुमची मेल इंग्रजीत होती, ती मराठीत अशी होते:

विषय: अर्जंट मदत हवी!!!
"आदरणीय सर, मराठी नीट टाइप होत नाही. कृपया लवकरात लवकर मार्गदर्शन करावे. फोटो जोडला आहे."

त्याखाली प्रिंटरबद्दलच्या एका जुन्या चर्चेचा दोनशे ओळींचा मजकूर आहे. तुम्ही लिहिलं आहे, "यादीचा पत्ता पाठ नव्हता, म्हणून शेवटच्या मेलला रिप्लाय दाबून विषय बदलला, मजकूर नवा लिहिला." खरी गोम इथे आहे.

प्रत्येक ईमेलला पाठवतानाच एक वेगळा क्रमांक मिळतो, त्याला मेसेज-आयडी म्हणतात. तुम्ही रिप्लाय दाबता तेव्हा तुमच्या मेलमध्ये, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात, 'ही अमुक मेलला दिलेली उत्तर-मेल आहे' अशी नोंद आपोआप होते. इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस या नावाच्या त्या दोन नोंदी. वाचणाऱ्याचा मेल प्रोग्राम त्या नोंदी पाहून मेलची माळ ओवतो, तिला धागा म्हणतात. विषयाची ओळ तुम्ही कितीही बदलली तरी नोंदी तशाच राहतात. थंडरबर्ड किंवा मट हे मेल प्रोग्राम वापरणाऱ्या जुन्या जाणत्या मंडळींच्या पडद्यावर तुमचा मराठी टायपिंगचा प्रश्न प्रिंटरच्या धाग्यात, सतराव्या उत्तराखाली, जाऊन बसला. ज्यांना प्रिंटरमध्ये रस नव्हता त्यांनी तो धागा केव्हाच बंद करून ठेवला होता. आणि मराठी टायपिंग जाणणारा माणूस नेमका त्यांच्यातला असण्याची शक्यता जास्त.

हे तुम्हाला कळलं नाही यात तुमचा दोष नाही. जीमेल विषय बदलला की वेगळं संभाषण दाखवतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. यादीवर याला धागा पळवणं म्हणतात. शब्द कठोर आहे, पण ज्यांच्या चर्चेत मधेच दुसरा विषय घुसतो त्यांना तसंच वाटतं. सभेत पाणीपुरवठ्यावर बोलणं चाललं असताना कोणी उठून शाळेच्या छपराबद्दल बोलू लागला तर छपराचा प्रश्न खरा असूनही लोक वैतागतात. म्हणून यादीचा पत्ता तुमच्या संपर्कात जतन करा आणि नवा विषय नेहमी कोऱ्या मेलमध्ये लिहा. बाकी काही पाळता आलं नाही तरी एवढं पाळाच.

आता थोडं मागे जाऊन यादी चालते कशी ते सांगतो, कारण बाकीचे सगळे नियम त्यातूनच येतात. मेलिंग लिस्ट म्हणजे एक पत्ता. तिथे आलेली मेल यंत्र सगळ्या सभासदांना पाठवतं. अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, १९७५ साली एमएसजीग्रुप नावाची यादी सुरू झाली, तिचा विषयच मुळी ईमेल हा होता. तेव्हा आणि पुढे बरीच वर्षं नावं घालणं-काढणं माणसं हातानं करत. १९८६ मध्ये एरिक तोमा या पॅरिसमधल्या विद्यार्थ्यानं ते काम आपोआप करणारा लिस्टसर्व्ह हा प्रोग्राम लिहिला. मेजरडोमो आणि मेलमन हे तसलेच प्रोग्राम पुढचे. पण मूळ रचना आजही तीच आहे: तुम्ही एकदा पाठवता, शेकडो प्रती निघतात, त्या शेकडो वेगवेगळ्या संगणकांवर जाऊन पडतात, आणि एक प्रत संग्रहात, म्हणजे पुढे केव्हाही कोणालाही शोधता येणाऱ्या जुन्या मेलच्या साठ्यात, राहते. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी पुसा' असतं. इथे तसं काही नाही.

संग्रह हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि नवीन माणसाला तोच दिसत नाही. तुम्हाला वाटतं आपण आज ऑनलाइन असलेल्या पाच-पन्नास लोकांशी बोलतोय. प्रत्यक्षात तुमची मेल वाचणारा सर्वांत गरजू माणूस अजून यादीवर आलेलाच नसतो. तो दोन वर्षांनी नांदेडहून किंवा बेळगावहून 'उबुंटू दऱ्या दर्या' असं काही शोधेल आणि तुमच्या धाग्यापाशी येईल. त्याला 'अर्जंट मदत हवी!!!' या विषयाखाली काय सापडणार? आणि ते प्रिंटरच्या धाग्यात आहे हे त्याला कसं कळणार? मी मेल सोडताना मनात तोच माणूस धरत असे, आणि तुम्हीही लिहिताना त्यालाच समोर बसवा असं मला मनापासून वाटतं.

म्हणून विषयाची ओळ. 'मदत', 'प्रश्न', 'तातडीचे' या शब्दांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. यादीवर येणारा जवळजवळ प्रत्येकजण मदतच मागतो. तातडी तुमची असते, उत्तर देणारा फुकट आणि आपल्या सवडीनं लिहिणार असतो. विषयात तीन गोष्टी आल्या की पुरे: कशावर, काय करताना, काय झालं. 'उबुंटू २२.०४, इनस्क्रिप्ट: दऱ्या लिहिताना दर्या उमटते.' (इनस्क्रिप्ट म्हणजे तुमच्या मराठी कळफलकाची मांडणी.) एवढी ओळ वाचून जाणकार माणूस मेल उघडण्याआधीच मनात उत्तर जुळवू लागतो. मी स्वतः ही ओळ शेवटी लिहितो. आधी मजकूर पूर्ण करायचा, मग त्यातलं सार वर न्यायचं. पुष्कळदा मजकूर लिहिताना प्रश्नच बदललेला असतो, आणि आधी लिहिलेला विषय मग खोटा पडतो.

चालू चर्चा फाटा फुटून दुसरीकडे गेली तर विषय बदलावा, पण नव्या विषयापुढे 'पूर्वीचा विषय अमुक' असं ठेवावं. तिथे रिप्लाय दाबणं योग्यच, कारण खरोखर चर्चा तिथूनच निघाली आहे.

आता मजकुराकडे. 'मराठी नीट टाइप होत नाही' यातून मला पाच वेगवेगळे आजार संभवतात. कळफलक बदलत नसेल, फॉन्ट नसेल, चौकोन दिसत असतील, काना-मात्रा सुटत असतील, किंवा तुमच्यासारखं एकाच अक्षराचं दुखणं असेल. डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखं ते झालं. तुमच्याजवळ उत्तम उदाहरण होतं: दऱ्या आणि दर्या. मराठी माणसाला हा एक शब्द पुरला असता, आणि मराठी न येणाऱ्या जाणकारालाही त्यातून नेमकं काय तपासायचं ते कळलं असतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं. यातली शेवटची गोष्ट लोक हमखास गाळतात. ती लिहिली की 'हे करून पाहिलंत का?' अशा चार मेल वाचतात. शिवाय वाचणाऱ्याला दिसतं की या माणसानं आधी स्वतः खटपट केली आहे. उत्तर द्यायला तेवढ्यानंही हुरूप येतो.

फोटोबद्दल. तुम्ही मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून जोडलात, चार एमबीचा. बऱ्याच याद्या जोडलेल्या फायली सरळ काढून टाकतात. तुमच्या यादीनं तसं केलं असेल तर सभासदांकडे फक्त तीन वाक्यं पोचली. जिथे अक्षरं दाखवता येतात तिथे अक्षरंच चिकटवा. चूक झाल्याचा संदेश (एरर) आला असेल तर तो जसाच्या तसा, एकही शब्द न बदलता. 'काहीतरी एरर येतो' यात उपयोगाचं काही नसतं, पण तोच एरर अक्षरशः लिहिला तर शोधणाऱ्यालाही सापडतो. फोटोतली अक्षरं शोधात सापडत नाहीत. फोटो अगदीच गरजेचा असेल तर कुठेतरी ठेवून दुवा द्या, आणि दुवा एक दिवस मरणार हे धरून त्यात काय आहे ते एका वाक्यात सांगा.

'एचटीएमएल पाठवू नका' म्हणजे काय, असंही तुम्ही विचारलं आहे. रंगीत, ठळक, मोठ्या-लहान अक्षरांची मेल ती एचटीएमएल. यादीवर साधा मजकूर पाठवतात, म्हणजे नुसती अक्षरं. जीमेलमध्ये मेल लिहिण्याच्या खिडकीत खाली तीन टिंबं आहेत, त्यात साध्या मजकुराचा पर्याय आहे. हा जुन्या लोकांचा हट्ट आहे असं समजू नका. कोणी मेल काळ्या टर्मिनलवर वाचतो, कोणी अंध असल्यानं ऐकतो, आणि संग्रहात रंग टिकत नाहीत. लाल रंगात लिहिलेल्या ओळी पाहा असं म्हटलं की संग्रहात लाल काहीच उरत नाही. लिनक्सच्या कर्नेलची, म्हणजे गाभ्याची, यादी तर एचटीएमएल मेल स्वीकारतच नाही, परत पाठवते. कारण तिथे मेलमध्येच प्रोग्रामचे बदल पाठवतात आणि एक मोकळी जागा (स्पेस) इकडची तिकडे झाली तरी ते बिघडतात.

मराठीत लिहायची यादी असेल तर आणखी एक. युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे अक्षरं सगळ्या संगणकांना सारखीच कळतात. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तुमच्या पडद्यावर सुरेख मराठी दिसतो, पण ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती रोमन चिन्हांची गिचमीड दिसते. शाळेच्या वार्षिक अंकाचा मजकूर तुम्ही प्रेसमधून घेत असाल तर ही गोष्ट लक्षात असू द्या. इंग्रजी यादीवर मात्र इंग्रजीतच लिहा, आणि आपल्या इंग्रजीबद्दल माफी मागू नका. तिथल्या कितीतरी लोकांची मातृभाषा जर्मन, जपानी, पोर्तुगीज असते. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. 'आदरणीय सर' चीही गरज नाही. उत्तर देणारी बाईही असू शकते.

आता उत्तर देण्याविषयी, कारण तुम्ही पुढे यादीवर राहणार, आणि कधीतरी दुसऱ्या शिक्षकाला तुम्हीच उत्तर द्याल. यादीवर उत्तर समोरच्याच्या मजकुराखाली लिहितात, वर नाही. समोरच्याचं एक वाक्य ठेवायचं (त्यापुढे > ही खूण असते), त्याखाली आपलं म्हणणं. असं:

> इनस्क्रिप्टमध्ये ऱ कुठे आहे?
शिफ्ट धरून जे. नुसत्या जे वर साधा र आहे.

> मग अर्धा कसा करायचा?
त्यानंतर डी दाबा, तिथे हलन्त आहे. मग य.

पाहा, हे सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं. प्रश्न वर, उत्तर खाली, जसं आपण बोलतो तसं. ऑफिसातल्या सवयीनं वर 'हो, शिफ्ट धरून' एवढंच लिहिलं आणि खाली चाळीस ओळींचा इतिहास सोडून दिला, तर वाचणाऱ्यानं कशाला 'हो' ते शोधत खाली जायचं. ऑफिसात दोघा-तिघांत ते चालतं, कारण सगळ्यांना संदर्भ ठाऊक असतो. पाचशे जणांत चालत नाही. आणि ठेवायचं ते गरजेपुरतंच. बाकी सगळं निर्दयपणे छाटायचं: जुन्या सह्या, यादीची तळटीप, आधीच्या आधीचा संवाद. जीमेल उद्धृत मजकूर तीन टिंबांमागे लपवतं म्हणून तो आपल्याला दिसत नाही, पण जातो सगळाच. तुमच्या मेलखालच्या प्रिंटरच्या दोनशे ओळी अशाच गेल्या.

छाटण्याचं महत्त्व मला एका गृहस्थांनी शिकवलं. २००५ च्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीकडच्या एका गावातले ते निवृत्त शिक्षक. घरी डायल-अप होतं, मिनिटावर पैसे पडत. ते डायजेस्ट घेत, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या मेल एकत्र बांधून येणारी एकच मेल. मी एकदा डायजेस्टलाच रिप्लाय दाबून तीन ओळींचं उत्तर लिहिलं, आणि खाली अख्खा डायजेस्ट गेला. विषयही 'डायजेस्ट, खंड अमुक, अंक तमुक' असा. त्यांनी मला खासगीत लिहिलं, अतिशय सौम्यपणे: तुमचं उत्तर चांगलं होतं, पण ते उतरवून घेताना कालचा सगळा अंक मला पुन्हा उतरवावा लागला. यादीवर चारचौघांत त्यांनी एक अक्षर काढलं नाही. आज डेटा स्वस्त आहे, पण वाचणाऱ्याचा वेळ स्वस्त झालेला नाही. डायजेस्टमधल्या एका मेलला उत्तर द्यायचं तर तिचा मूळ विषय वर लिहा, तिच्यातलीच दोन वाक्यं ठेवा, बाकी सगळं काढा. दुसऱ्याची चूक दाखवायची ती कशी, हेही मी त्यांच्याकडूनच घेतलं.

ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाचा एक दस्तऐवज निघाला, इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचा. त्यातले काही आकडे आता जुने वाटतात, जसं एका ओळीत ६५ पेक्षा कमी अक्षरं. काही अजून तसेच लागू आहेत: सही चार ओळींपेक्षा मोठी नको. सहीच्या आधी एका ओळीत दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा द्यायची पद्धत आहे, म्हणजे समोरचा प्रोग्राम उत्तर देताना ती आपोआप गाळतो. संस्थेच्या मेलखाली येणारा 'ही मेल गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास नष्ट करा' हा परिच्छेद जाहीर यादीवर निरर्थक होतो, म्हणून शक्य असेल तर स्वतःचा खासगी पत्ता वापरा. सुट्टीवर जाताना 'मी रजेवर आहे' असं आपोआप पाठवणारी सोय लावत असाल तर आधी यादीच्या मेल थांबवा.

त्या दस्तऐवजातला एक सल्ला मात्र मला पटत नाही: लिहिण्याआधी एक ते दोन महिने नुसतं वाचा. ज्याला आज अडचण आहे त्यानं दोन महिने थांबायचं? माझा सल्ला वेगळा. संग्रहात जाऊन आपल्या विषयाजवळचे वीसेक धागे वाचा. एका संध्याकाळचं काम आहे. तेवढ्यात यादीचा सूर कळतो, कोण नेमाने उत्तरं देतं ते कळतं, आणि पुष्कळदा आपलं उत्तरही सापडतं. सापडलं नाही तर 'हे दोन धागे पाहिले, पण त्यातला उपाय लागू पडला नाही' असं लिहिता येतं.

त्यातलाच दुसरा सल्ला मी अगदी अक्षरशः पाळतो: रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर ठेवायचं. मी ते मसुद्यातही ठेवत नाही, वहीत लिहितो, कारण मसुद्याखाली 'पाठवा' हे बटण असतं. सकाळी त्यातली एखादी ओळ खरोखर सांगण्यासारखी उरते, बाकीची गळतात. लिनक्सचे जनक लिनुस टोरवाल्ड्स यांनी कर्नेलच्या यादीवर वर्षानुवर्षं अत्यंत कडक भाषा वापरली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याच यादीवर आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला झाले, आणि प्रकल्पानं आचारसंहिता स्वीकारली. तज्ज्ञ आहे म्हणून कसंही बोललं तर चालतं, हा समज त्या दिवसापासून बराच ढिला पडला. मला त्याचा आनंद झाला, कारण आमच्या यादीवरूनही दोन चांगली मुलं अशा एकेका मेलनं कायमची गेली होती.

पण तुम्हाला आलेलं उत्तर त्या जातीचं नाही. ते कोरडं आहे, तिरस्काराचं नाही. रोज दहा मेलना उत्तर देणारा माणूस दोन ओळींतच लिहितो. तरी त्याचंही एक चुकलं असं मी म्हणेन. आधी प्रश्नाबद्दल एक वाक्य लिहायला हवं होतं, निदान 'कोणता कळफलक वापरता?' एवढं, आणि मग पद्धतीबद्दल. नुसती पद्धत सांगितली की नवीन माणूस दारातूनच परत फिरतो. पद्धतीबद्दलच बोलायचं असेल तर खासगीत लिहावं.

खासगी आणि जाहीर यावरून आठवलं. रिप्लाय दाबल्यावर मेल कोणाला जाणार, ते पाठवण्याआधी 'प्रति' या रकान्यात डोळ्यांनी पाहा. प्रत्येकच वेळी. काही याद्यांवर रिप्लाय एकट्या लेखकाला जातो, काहींवर सगळ्यांना. त्यात एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपल्या पत्त्यांसाठी डीमार्क नावाची, मेल खरोखर त्याच पत्त्यावाल्याची आहे का हे पाहणारी, तपासणी कडक केली. याहूच्या पत्त्यावरून यादीवर लिहिलेल्या मेल इतर सर्व्हर परत पाठवू लागले, म्हणून अनेक याद्यांनी पाठवणाऱ्याच्या जागी यादीचाच पत्ता घालायला सुरुवात केली. नाव माणसाचं दिसतं, पत्ता यादीचा असतो. आमच्या यादीवर एकानं मित्राला म्हणून आपल्या पगाराबद्दल आणि साहेबांबद्दल सविस्तर लिहिलं, आणि ते सहाशे जणांना गेलं. रात्री त्याचा मला फोन आला. संग्रहातून मी ती मेल काढली, पण सहाशे इनबॉक्समधून कशी काढणार?

याच्या उलटही होतं. उत्तर खासगीत दिलं जातं आणि संग्रहात प्रश्न अनाथ राहतो. उपयोगाचं उत्तर यादीवर द्या, आभार, अभिनंदन, 'मलाही हेच होतंय' हे खासगीत. 'मलाही' चं काय होतं याचं जुनं उदाहरण मायक्रोसॉफ्टमधलं आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये तिथे बेडलॅम डीएल३ नावाच्या एका अंतर्गत यादीवर सुमारे १३,००० कर्मचाऱ्यांची नावं होती. एकानं सगळ्यांना लिहिलं, मी या यादीत का आहे, मला काढा. मग 'मलाही काढा', मग 'रिप्लाय ऑल करू नका' हेही रिप्लाय ऑल करूनच. सुमारे दीड कोटी मेल फिरल्या आणि कंपनीची मेल व्यवस्था कोलमडली. यादी सोडायची असेल तर प्रत्येक मेलच्या तळाशी सोडण्याचा दुवा असतो, तो वापरा. यादीवर 'मला काढा' लिहिल्यानं यंत्र काढत नाही.

संग्रहाबद्दल एक दुखरी गोष्ट आहे. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये कायमचे बंद झाले, जुना मजकूर त्याआधीच काढून टाकला होता. मी ज्यावर लिहायचो असे दोन मराठी गट त्यात गेले. आमच्यापैकी ज्यांनी आपली मेल जपून ठेवली होती त्यांच्याकडे तेवढीच उत्तरं उरली. तेव्हा महत्त्वाचा धागा स्वतःकडेही साठवून ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शाळेच्या वार्षिकाची पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं तुटतात, असं तुम्ही कळवलंत. यादीवर लिहिण्याआधी पीडीएफफॉन्ट्स (pdffonts) ही आज्ञा त्या फाइलवर चालवा. फाइलमधल्या प्रत्येक फॉन्टपुढे तो सोबत बांधला आहे की नाही हे ती दाखवते. मग तुमच्या माहितीवरून मेल अशी होईल. जिथे तुमचा तपशील वेगळा असेल तिथे बदला:

विषय: उबुंटू २२.०४: पीडीएफ विंडोजवर उघडल्यास मराठी जोडाक्षरे तुटतात

"नमस्कार. शाळेच्या वार्षिकाची १६ पानी पीडीएफ उबुंटू २२.०४ वर तयार केली. फॉन्ट लोहित देवनागरी. त्याच संगणकावर ती बरोबर दिसते. कार्यालयातल्या विंडोज १० च्या संगणकावर 'विद्यार्थी' मधला 'द्य' तुटून 'द्‌य' असा दिसतो. पीडीएफफॉन्ट्सचं उत्तर खाली चिकटवलं आहे, त्यात हा फॉन्ट सोबत बांधलेला दिसत नाही. तो पीडीएफमध्ये बांधला जावा यासाठी कुठे काय बदलावं? एका पानाचा नमुना पुढच्या दुव्यावर ठेवला आहे."

कोरी मेल, साधा मजकूर. चार-पाच दिवसांत काहीच आलं नाही तर त्याच धाग्यात, मधल्या काळात जे नवं करून पाहिलं ते लिहा. नुसतं 'कृपया कोणीतरी उत्तर द्या' नको.

पण ही मेल पाठवण्याआधी एक काम करा. 'अर्जंट मदत हवी' हा तुमचा प्रश्न संग्रहात अजून उघडा पडला आहे, आणि त्याचं उत्तर आज तुमच्याजवळ आहे. आपल्याच त्या मेलला रिप्लाय दाबा, प्रिंटरचा मजकूर पूर्ण छाटा, विषय 'सुटले: इनस्क्रिप्टमध्ये दऱ्या ऐवजी दर्या' असा करा, आणि लिहा:

"मागे चुकून प्रिंटरच्या धाग्यात विचारलं होतं, क्षमस्व. अडचण सुटली. साध्या 'र' ला हलन्त आणि 'य' जोडला की 'र्य' होतो. 'ऱ्य' हवा असेल तर शिफ्ट धरून जे दाबून 'ऱ' घ्यावा, मग डी, मग य."

हे आज पाठवा. पीडीएफची मेल उद्या.